युआन श्वांगची मोजपट्टी

चिनी बौद्ध भिक्षू युआन श्वांग, म्हणजे जुन्या मराठी पुस्तकांतला ह्युएनत्संग, याचा ‘सी-यू-की’ हा ग्रंथ 646 मध्ये पूर्ण झाला. पश्चिमेकडील प्रदेशांचा हा वृत्तांत बारा खंडांचा आहे. त्यात मध्य आशियापासून दक्षिण भारतापर्यंतच्या 138 देशांची वर्णने येतात. त्यांपैकी 110 देश लेखकाने स्वतः पाहिले, उरलेल्या 28 देशांची माहिती ऐकीव आहे. सातव्या शतकातील भारताची नगरे, तीर्थे आणि शिल्पे यांचे इतके सलग वर्णन दुसऱ्या कोणत्याही ग्रंथात सापडत नाही.

ग्रंथाचा साचा ठरलेला आहे. देशाचा घेर किती ‘ली’, राजधानी केवढी, जमीन कशी, पिके कोणती, माणसे कशी, विहार किती, त्यांत भिक्षू किती आणि ते कोणत्या पंथाचे, देवळे किती, या क्रमाने प्रत्येक देश समोर येतो. मग एकेक तीर्थ, त्याची दिशा, अंतर, उंची आणि त्याची कथा. ‘ली’ हे माप साधारण अर्ध्या किलोमीटरच्या आसपासचे आहे, आणि त्या काळचा चिनी फूट आजच्या फुटाच्या जवळ जाणारा आहे. लेखक श्रद्धाळू यात्रेकरू आहे, आणि प्रत्येक वास्तूला मोजपट्टी लावण्याची सवयही त्याला आहे. त्यामुळे मोजलेले, ऐकलेले आणि मनोभावे मानलेले असे तीन प्रकारचे लेखन ग्रंथात शेजारी शेजारी बसते. तिन्हींचा स्वर एकच असल्याने निवड वाचकाला करावी लागते. ती कशी करायची, हे गेल्या दीडशे वर्षांच्या उत्खननांनी बरेचसे दाखवून दिले आहे.

निघण्याचे कारण

युआन श्वांगचा जन्म सुमारे 602 मध्ये लोयांगजवळ झाला. थोरला भाऊ भिक्षू होता, त्याच्या मागोमाग तोही लहानपणीच विहारात गेला. चीनमध्ये उपलब्ध असलेली बौद्ध ग्रंथांची भाषांतरे अपुरी होती आणि एकमेकांशी जुळत नव्हती. विशेषतः योगाचार पंथाच्या मूळ संस्कृत ग्रंथांची त्याला ओढ होती. थांग सम्राट थाय-त्सुंगच्या राज्यात परवानगीशिवाय सीमा ओलांडायला बंदी होती. ती मोडून तो 629 मध्ये, काही अभ्यासकांच्या मते 627 मध्ये, राजधानी छांग-आनहून गुपचूप निघाला.

गोबीचे वाळवंट पार करून तो तुर्फानला पोहोचला, तेव्हा तिथल्या राजाला त्याला कायमचे ठेवून घ्यायचे होते. युआन श्वांगने अन्न सोडले. अखेर राजाने माघार घेतली, आणि पुढच्या राज्यांच्या नावे 24 पत्रे व प्रवासखर्चासाठी सोने-चांदी देऊन त्याला वाटेला लावले. थ्येन-शानच्या हिमखिंडी, इसिक-कुल सरोवर, पश्चिमी तुर्कांच्या खानाची छावणी, समरकंद आणि बाल्ख हे टप्पे घेत तो हिंदुकुशच्या दरीत उतरला.

बामियान

कलेच्या दृष्टीने ग्रंथातला पहिला मोठा मुक्काम बामियानचा. राजधानीच्या ईशान्येला डोंगराच्या कड्यात बुद्धाची उभी मूर्ती आहे, ती 140 ते 150 फूट उंच आहे, तिचा सोनेरी रंग झळाळतो आणि अलंकार डोळे दिपवतात, असे तो लिहितो. तिच्या पूर्वेला आणखी एक उभी मूर्ती, 100 फुटांची. ती धातूची असून वेगवेगळे भाग ओतून जोडलेली आहे, असे तो म्हणतो. तिसरी मूर्ती परिनिर्वाणातील शयनबुद्धाची, लांबी सुमारे 1000 फूट.

या तीन विधानांत पुढच्या साऱ्या ग्रंथाचा नमुना आहे. पहिल्या दोन मूर्ती 2001 च्या मार्चमध्ये तालिबानने सुरुंग लावून फोडेपर्यंत उभ्या होत्या. त्यांची उंची 55 मीटर आणि 38 मीटर होती, म्हणजे अनुक्रमे सुमारे 180 आणि 125 फूट. युआन श्वांगने दोन्हींची उंची कमीच सांगितली आहे, वाढवलेली नाही. धाकटी मूर्ती मात्र धातूची नव्हती. दोन्ही मूर्तींचा गाभा कड्याच्याच दगडात कोरलेला होता, वस्त्रांच्या चुण्या मातीच्या गिलाव्यात घडवल्या होत्या आणि वर रंग चढवला होता. खालून पाहणाऱ्याला ते काम ओतीव धातूचे वाटावे, इतका तो मुलामा सफाईदार असला पाहिजे. तिसरी, हजार फुटांची मूर्ती अजून कोणालाही सापडलेली नाही. धाकट्या मूर्तीच्या कोनाड्याच्या छतावर रथारूढ सूर्याचे भव्य चित्र होते, त्याविषयी तो काहीच लिहीत नाही. प्रतिमेचा आकार, द्रव्य आणि झळाळी यांकडे त्याचे लक्ष आधी जाते, भोवतीच्या चित्रांकडे क्वचितच.

गांधार आणि काश्मीर

पेशावर, म्हणजे त्या वेळचे पुरुषपूर, ही गांधाराची राजधानी. गांधाराला पोहोचेपर्यंत युआन श्वांगच्या मनातले बौद्ध भारताचे चित्र आणि डोळ्यांसमोरचे दृश्य यांत अंतर पडू लागते. हजारभर विहार ओस पडलेले, गवताने झाकलेले, स्तूप ढासळलेले. वस्ती विरळ आणि राज्य दुसऱ्याच्या अमलाखाली. कुशाण सम्राट कनिष्काचा स्तूप मात्र अजून महत्त्वाचा होता. त्याची उंची तो 400 फूट देतो, शिखरावर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या 25 चकत्या सांगतो, आणि आगीत जळल्यामुळे त्याची दुरुस्ती चालू आहे, हेही नोंदवतो. त्याच्याच वर्णनाच्या आधारे पेशावरजवळच्या शाहजी की ढेरी या टेकाडाकडे संशोधकांचे लक्ष गेले, आणि 1908-09 च्या उत्खननात स्तूपाचा प्रचंड पाया आणि कनिष्काच्या नावाची अस्थिमंजूषा हाती लागली.

चित्रकलेची एक दुर्मीळ नोंद याच स्तूपाच्या परिसरातली आहे. एका गरीब माणसाने एक सुवर्णनाणे देऊन चित्रकाराला बुद्धाचे चित्र काढायला सांगितले. दुसऱ्यानेही तेच केले. पैसे थोडे, म्हणून चित्रकाराने दोघांसाठी मिळून एकच चित्र काढले. दोघांची श्रद्धा पाहून चित्रातील बुद्ध छातीच्या वर दुभंगला आणि एका देहाला दोन मुखे झाली, अशी कथा. कथा चमत्काराची असली, तरी भाविक पैसे देऊन चित्रे काढून घेत आणि ती स्तूपाशी अर्पण करत, ही रीत तिच्यातून कळते.

काश्मीरमध्ये तो दोन वर्षे राहिला. तिथे त्याने शंभरेक विहार आणि सुमारे 5000 भिक्षू मोजले. राजाने ग्रंथांच्या नकला करण्यासाठी त्याला लेखनिक दिले. मोठ्या अभ्यासाची सुरुवात इथेच झाली.

नगरे

भारतीय नगरांचे सर्वसाधारण वर्णन त्याने दुसऱ्या खंडात एकत्र केले आहे. तट उंच आणि रुंद, आतल्या गल्ल्या अरुंद आणि वळणावळणाच्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने. खाटीक, कोळी, नट, फाशी देणारे आणि सफाई करणारे यांची घरे गावाबाहेर. गावात यायचे तर त्यांनी रस्त्याच्या कडेने चालायचे. घरांच्या भिंतींना चुना, जमिनीला शेणाचा सडा आणि त्यावर फुले. जातिव्यवस्थेचे रोजचे रूप परक्या माणसाने टिपल्याच्या फार जुन्या नोंदींत ही नोंद मोडते.

भरभराटीचे नगर म्हणजे कनौज. हर्षवर्धनाची ही राजधानी गंगेच्या काठाने 20 ली लांब पसरलेली होती. शंभर विहार, दहा हजार भिक्षू आणि दोनशे देवळे अशी गणती तो देतो. याउलट पाटलिपुत्राची स्थिती. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फा-हियान या चिनी यात्रेकरूने तिथे अशोकाचा राजवाडा उभा पाहिला होता. युआन श्वांगला फक्त पायाच्या भिंती दिसल्या. शेकडो विहार, स्तूप आणि देवळे पडलेली, त्यांतली दोन-तीनच धड. जुन्या राजवाड्याच्या उत्तरेला, गंगेलगत, हजारेक घरांचे छोटे गाव. सुमारे सव्वादोनशे वर्षांत मौर्य आणि गुप्त सम्राटांच्या या नगराची काय गत झाली, हे दोन यात्रेकरूंच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कळते.

प्रयागच्या संगमावरील वाळवंटात हर्ष दर पाच वर्षांनी दानाचा मेळा भरवी. त्याचे सविस्तर वर्णन युआन श्वांगचा शिष्य हुई-ली याने लिहिलेल्या चरित्रात आहे. पाच वर्षांचा साठा वाटून झाल्यावर राजाने अंगावरचे दागिनेही दिले आणि बहीण राज्यश्रीकडून एक जुने वस्त्र मागून घेतले, असे हुई-ली सांगतो. राजाने पाहुण्याचा मोठा सन्मान केला होता, त्यामुळे या वर्णनात कृतज्ञतेचा अंश धरूनच ते वाचावे लागते.

बुद्धाची भूमी

श्रावस्ती, कपिलवस्तू, लुंबिनी, कुशीनगर आणि वैशाली ही बौद्ध साहित्यातली सर्वांत जिवंत ठिकाणे. युआन श्वांगला ती बहुतेक उजाड दिसली. श्रावस्तीचे जेतवन पडीक होते. त्याच्या दारात 70 फुटांचे दोन अशोकस्तंभ उभे होते, एकावर चक्र, दुसऱ्यावर बैल. कपिलवस्तूच्या प्रदेशात ओसाड नगरांची रांग, आणि राजवाड्याशेजारच्या विहारात थोडेसेच भिक्षू.

लुंबिनीत त्याने अशोकाचा स्तंभ पाहिला. त्याच्या माथ्यावर घोडा होता, पण दुष्ट नागाच्या कोपामुळे वीज पडून स्तंभ मधोमध तुटला, असे तो लिहितो. 1896 मध्ये नेपाळच्या तराईत हा स्तंभ सापडला. वरचा भाग तुटलेला, घोडा नाहीसा, आणि जमिनीखाली झाकलेल्या भागावर बुद्धाचा जन्म इथे झाला असे सांगणारा अशोकाचा लेख. त्या लेखाचा उल्लेख युआन श्वांगने केलेला नाही. त्याच्या वेळीही तो लेख दृष्टिआड असावा. मोडलेल्या स्तंभाची नोंद मात्र तंतोतंत खरी निघाली.

कुशीनगरला विटांच्या मोठ्या विहारात, उत्तरेकडे डोके करून झोपल्यासारखी निर्वाणमूर्ती त्याने पाहिली. 1876 मध्ये पुरातत्त्वज्ञ कार्लाइल यांनी तिथे मोठी शयनमूर्ती मातीतून काढली, तेव्हा ती अनेक तुकड्यांत होती. तिची लांबी सहा मीटरांहून थोडी अधिक आहे.

कौशांबीच्या जुन्या राजवाड्यातील 60 फुटी विहारात चंदनाची एक बुद्धमूर्ती होती. बुद्ध हयात असतानाच उदयन राजाने ती घडवून घेतली, अशी परंपरा. बुद्धानंतरही काही शतके त्याची मूर्ती घडवली जात नसे. स्तूप, चक्र, पाऊलखुणा आणि रिकामे आसन यांतून त्याला दाखवीत, आणि मानवी रूपातली मूर्ती कुशाण काळाच्या सुमारास आली, असे कलेतिहास सांगतो. युआन श्वांगला तो इतिहास ठाऊक नव्हता. मूळ मूर्तीची नक्कल आपण चीनला नेत आहोत याचेच महत्त्व त्याला होते. अनेक राजांनी ती मूर्ती न्यायचा प्रयत्न केला, पण ती हलली नाही, म्हणून सगळे तिच्या प्रतिकृती पुजतात, असेही तो लिहितो. एकाच मूळ नमुन्याच्या नकला देशोदेशी कशा पसरत, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

काशी, सारनाथ आणि बोधगया

काशीत त्याला दाट वस्ती, श्रीमंत घरे आणि शंभरेक देवळे दिसली. बौद्ध भिक्षू सुमारे 3000, तर शैव आणि इतर पंथीय दहा हजारांच्या घरात. काही अंगाला राख फासणारे, काही जटा वाढवणारे, काही नग्न. इथल्या महेश्वराच्या धातूमूर्तीची उंची तो 100 फुटांना थोडी कमी सांगतो आणि तिच्या गंभीर, भव्य रूपाची मोकळेपणाने वाखाणणी करतो. बौद्धेतर मूर्तीविषयी असे लिहिणे त्याच्या ग्रंथात नेहमीचे नाही.

सारनाथ मात्र अजून गजबजलेले होते. आठ भागांत विभागलेला, तटाने वेढलेला विहार, 1500 भिक्षू, 200 फुटी मंदिर, शिखरावर सोन्याचे आम्रफळ, कोनाड्याकोनाड्यांत सोनेरी बुद्ध आणि गाभाऱ्यात धर्मचक्र प्रवर्तनाच्या मुद्रेतील मनुष्याएवढी धातूमूर्ती. समोरचा अशोकस्तंभ 70 फूट उंच, जेडसारखा गुळगुळीत आणि तेजस्वी. 1904-05 मध्ये ओर्टेल यांच्या उत्खननात या स्तंभाचे तुकडे आणि चार सिंहांचे स्तंभशीर्ष सापडले. आज भारताचे राजचिन्ह असलेल्या या सिंहांविषयी युआन श्वांगने एक शब्दही लिहिलेला नाही. पण चकाकीबद्दलचे त्याचे म्हणणे आजही पडताळून पाहता येते. मौर्य शिल्पींनी दगडाला आणलेली झिलई जागेवर उरलेल्या खुंटावर आणि संग्रहालयातील सिंहांवर तशीच आहे.

बोधगया हा प्रवासाचा गाभा. तिथल्या मंदिराची उंची तो 160 ते 170 फूट देतो. निळसर विटा, वर चुन्याचा गिलावा, थरांथरांतून कोनाडे, प्रत्येकात सोनेरी मूर्ती, शिखरावर सोनेरी आमलक. आजचे महाबोधी मंदिर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर दुरुस्त केलेले आहे. तरी त्याची सुमारे 50 मीटर उंची आणि कोनाड्यांची रचना या वर्णनाशी जुळते.

गाभाऱ्यातील मूर्तीची मापे तर त्याने कारागिराच्या तपशिलाने दिली आहेत. बैठी उंची 11 फूट 5 इंच, एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत 8 फूट 8 इंच, खांदे 6 फूट 2 इंच. उजवा हात जमिनीला स्पर्श करणारा. लगेच पुढे मूर्तीची कथा येते. अनोळखी कारागिराने सहा महिने दार न उघडण्याची अट घातली, लोकांनी चार दिवस आधीच दार उघडले, तेव्हा मूर्ती पूर्ण झालेली होती, फक्त उजव्या स्तनाच्या वर थोडे काम राहिले होते. तो कारागीर साक्षात भावी बुद्ध मैत्रेय होता. इंचांचा हिशेब आणि मैत्रेयाची कथा यांत लेखकाला विसंगती वाटत नाही. नकला करणाऱ्याला मापे हवीत, आणि ती नक्कल पूज्य ठरायला कथा हवी.

गौडाच्या शशांक राजाने बोधिवृक्ष तोडल्याचे आणि मगधाच्या पूर्णवर्म्याने हजार गाईंच्या दुधाचे सिंचन करून तो पुन्हा जगवल्याचेही तो सांगतो. शशांक हा हर्षाचा शत्रू होता, आणि युआन श्वांग हर्षाचा पाहुणा. म्हणून इतिहासकार ही हकीकत सावधपणे घेतात.

नालंदा

नालंदा महाविहारात त्याचा सर्व मिळून सुमारे पाच वर्षे मुक्काम झाला. कुलगुरू शीलभद्र तेव्हा अतिवृद्ध होते. हुई-ली त्यांचे वय 106 सांगतो. त्यांच्याकडे युआन श्वांगने योगाचारभूमीशास्त्राचा अभ्यास केला. द्वारपाल प्रवेशार्थींना कठीण प्रश्न विचारीत आणि दहातले सात-आठ परत फिरत. पाहुण्या पंडिताला रोज 120 विड्याची पाने, 20 सुपाऱ्या, 20 जायफळे, कापूर आणि महाशाली तांदूळ मिळे. त्या तांदळाचा दाणा मोठा आणि सुगंधी असे, असा तपशील चरित्रात आहे.

एकामागून एक सहा राजांनी विहार बांधले आणि सर्वांभोवती एकच तट घातला, असे वर्णन आहे. तिथे दहा हजार जण राहत, असे हुई-ली म्हणतो. युआन श्वांग स्वतः काही हजार भिक्षू म्हणतो, आणि त्याच शतकात नंतर आलेला चिनी भिक्षू इत्सिंग तीन हजारांच्या वर सांगतो. शिष्याने गुरूच्या विद्यापीठाचा आकडा वाढवला असणे शक्य आहे. 1915 पासून झालेल्या उत्खननांत अकरा विहार आणि सहा मंदिरांचे अवशेष ओळीने मिळाले. चौक, भोवती खोल्या, वर जाणारे जिने. बहुमजली इमारतींच्या वर्णनाला त्यामुळे आधार मिळाला.

महाराष्ट्र

पूर्व किनाऱ्याने कांचीपर्यंत जाऊन तो सिंहलद्वीपाला निघणार होता. तिथे राजा वारला, दुष्काळ पडला, अशी बातमी आली आणि बेत रद्द झाला. ग्रंथातले सिंहलाचे वर्णन त्यामुळे ऐकीव आहे. कांचीहून वायव्येकडे वळून सुमारे 641 मध्ये तो महाराष्ट्रात आला.

देशाचा घेर 6000 ली, जमीन सुपीक, हवा उष्ण, राजधानीच्या पश्चिमेला मोठी नदी. माणसे धिप्पाड, साधी, ताठ मानेची. उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात, दोघेही चिलखत चढवतात, मगच भाले उचलतात. पळणाऱ्याचा पाठलाग करतात, शरण आलेल्याला मारत नाहीत. हरलेल्या सेनापतीला शिक्षा नाही, बायकी वस्त्रे दिली जातात. लढाईपूर्वी शेकडो वीर आणि हत्ती मद्य पिऊन धुंद होतात. राजा पुलकेशी क्षत्रिय आहे आणि पूर्व-पश्चिम जिंकणाऱ्या हर्षाला हा देश नमवता आलेला नाही. पुलकेशीच्या, म्हणजे बदामीच्या चालुक्यांच्या, दरबारातील रविकीर्तीचा ऐहोळे येथील शिलालेख शके 556, म्हणजे 634-35 चा. हर्षाच्या पराभवाचा तोच मजकूर त्यातही आहे, आणि तीन महाराष्ट्रकांतील 99,000 गावांचा उल्लेखही. हर्षाच्या पाहुण्याने हर्षाचे अपयश लिहून ठेवल्यामुळे या ठिकाणी त्याची साक्ष अधिक वजनदार ठरते. राजधानी कोणती, यावर नाशिक, बदामी, पैठण असे तर्क झाले, पण एकमत झालेले नाही.

देशाच्या पूर्वेकडील डोंगररांगेत, अंधाऱ्या दरीत, कडा कोरून केलेला एक संघाराम तो वर्णितो. उंच दालने, खोल खोल्या, पाठीशी कडा आणि समोर दरी. अचल नावाच्या अर्हताने तो आपल्या आईच्या स्मरणार्थ करवला. आतील विहार 100 फुटांहून उंच, बुद्धाची दगडी मूर्ती 70 फुटांची, तिच्यावर आधाराशिवाय अधांतरी राहिलेली सात दगडी छत्रे. भिंतींवर बोधिसत्त्वाच्या जीवनातील प्रसंग. दाराबाहेर दोन बाजूंना दगडी हत्ती. तर्कशास्त्रज्ञ दिङ्नाग इथे राहिला होता, असेही तो लिहितो.

हे अजिंठ्याचे वर्णन मानले जाते. अजिंठ्याच्या 26 व्या लेण्यातील लेखात अचल नावाच्या भिक्षूचा निर्देश आहे आणि 16 व्या लेण्याच्या पायऱ्यांशी दगडी हत्ती आहेत. पण 70 फुटी मूर्ती तिथे नाही. 26 व्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची भव्य मूर्तीही सुमारे सात मीटर लांब आहे. शिवाय भिंतींवरील प्रसंग कोरलेले आहेत, असे तो म्हणतो, तर अजिंठ्याची ख्याती चित्रांची. वाटेतल्या किंवा राजधानीतल्या भिक्षूंकडून हे वर्णन त्याला मिळाले असावे, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. चैत्यगृहातील स्तूपाची दगडी छत्रे ऐकीव कथेत अधांतरी होणे अवघड नाही.

परतीचा माल आणि ग्रंथाचा उपयोग

643 मध्ये हर्षाचा निरोप घेऊन तो निघाला. सिंधू ओलांडताना वादळात काही पोथ्या आणि फुलांचे बियाणे वाहून गेले. 645 मध्ये तो छांग-आनला पोहोचला तेव्हा त्याच्याजवळ 657 ग्रंथ, 150 अस्थिकण आणि सोने, चांदी व चंदनाच्या सात बुद्धमूर्ती होत्या. सारनाथ, कौशांबी, वैशाली, गृध्रकूट, नगरहार येथील प्रसिद्ध प्रतिमांच्या त्या नकला. सम्राटाने जुना गुन्हा माफ केला आणि प्रदेशांची माहिती लिहून मागितली. शिष्य प्येन-ची याच्या मदतीने ‘सी-यू-की’ वर्षभरात तयार झाला. साम्राज्याला हवा असलेला भूगोल आणि भाविकाला हवी असलेली तीर्थयात्रा, या दोन्ही गरजा ग्रंथाच्या साच्यात दिसतात त्या यामुळे. उरलेले आयुष्य त्याने भाषांतरात घालवले. 664 मध्ये तो वारला, तोपर्यंत 75 ग्रंथ चिनी भाषेत आले होते.

भारतात या ग्रंथाचा दुसरा जन्म एकोणिसाव्या शतकात झाला. झ्युलियँ यांचे फ्रेंच भाषांतर 1857-58 मध्ये आले, आणि 1861 पासून पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम ते हाती धरून उत्तर भारत फिरले. नालंदा, श्रावस्ती, कौशांबी, कुशीनगर यांची ओळख पटवताना दिशा आणि ‘ली’ यांचा हिशेब त्यांना पुष्कळ उपयोगी पडला. सगळीकडे तो जुळला नाही. कपिलवस्तूच्या बाबतीत त्यांचा अंदाज चुकला, आणि नेपाळमधील तिलौराकोट की भारतातील पिप्रहवा हा वाद अजून मिटलेला नाही.

या पडताळणीतून एक ढोबळ नियम निघतो. उभ्या वास्तूंची रचना, पडझड आणि जागा याबाबतीत युआन श्वांगवर बहुतेक विसंबता येते. बामियान आणि बोधगयेची मापेही वास्तवाच्या जवळ जातात. मूर्तीचे द्रव्य कोणते, याबाबत त्याची नजर फसू शकते. ‘ली’मधील लांब अंतरे आणि भिक्षूंचे गोल आकडे अंदाज म्हणून घ्यावेत. स्वतः न पाहिलेल्या जागांत मापे फुगतात. राजांविषयीच्या मजकुरात यजमानाची बाजू धरावी लागते. चमत्कारकथा घटनेचा पुरावा ठरत नाहीत, मात्र सातव्या शतकातील भाविक त्या प्रतिमेत काय पाहत होते, हे त्या कथांखेरीज दुसरीकडून कळत नाही. एवढे भान ठेवले, तर हर्ष आणि पुलकेशी यांच्या काळातील तीर्थे आणि शिल्पे समजून घेण्यासाठी शिलालेखांइतकाच हा ग्रंथही आवश्यक ठरतो.